पाचच मिनिटं, कॅप्टन

विश्रांती घ्या म्हणे! आता तुम्हीच सांगा, धडधाकट माणूस मी, सकाळी उठून दाढी केली, बुटांना पॉलिश केलं, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, सगळा जामानिमा करून दारात उभा, आणि खिशातला मोबाइल टुंग करून म्हणतो, 'कॅप्टन, आपली विश्रांती शिल्लक आहे, आज आपल्याला उड्डाण करता येणार नाही.' शिल्लक आहे! कालची भाजी असल्यासारखी! बरं, ऑफिसला फोन लावावा तर तिथं एक बाई, आवाज असा की कानात मध ओतताहेत, 'सर, आपल्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे हो...' अहो बाई, आपण कधी भेटलोय का? माझं तोंड बघितलंय तुम्ही? मला सर्दी झालीय की नाही हे तरी ठाऊक आहे? आणि काळजी कसली करताय! मग काय, शर्ट काढला, बनियनवर बसलो, बायको म्हणाली, 'आलाच आहात घरात तर गॅस पुसा.' पुसला. आता बसलोय तुमच्यासमोर. तक्रार नाही हं माझी, आपलं सांगतो.

मी विमान चालवतो. नाही नाही, ते तुम्ही बसता ते नव्हे, गुडघे नाकाला लावून बसायचं आणि ट्रॉली आली की कोपर आत घ्यायचं, ते नव्हे. मी चालवतो ते छोटं. खाजगी. आत आठ खुर्च्या, एकेक खुर्ची आमच्या घरातल्या सोफ्यापेक्षा मोठी, आणि त्यात बसणारा माणूस एकच, तोही मोबाइलमध्ये डोकं घालून. लोकांना वाटतं, वा, म्हणजे नोटा छापतो हा! माझा मेहुणा तर लग्नाच्या दिवसापासून माझ्याकडे उसने मागायच्या तयारीत उभा आहे. त्याला कोण सांगणार, की मी जे चालवतो ते आणि मी ज्यावर चालतो ते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे! आणि हा फरक अगदी शब्दशः, वर गेलो की अस्मान, महिनाअखेर आली की जमीन.

आता बरं आहे, कबूल. कंपनीची नोकरी आहे. पगार पहिल्या तारखेला, सुट्ट्या आधी कळतात, बॅगा उचलायला वेगळा माणूस, कॉफी द्यायला वेगळी मुलगी. मी फक्त चालवायचं. उतरताना प्रवाशाला नमस्कार करावा तर तो कानात काहीतरी घालून निघून जातो, आणि संध्याकाळी मोबाइलवर आपल्याला तारे देतो. हो, तारे! शाळेत हस्ताक्षराला मिळायचे तसे. परवा मला तीनच मिळाले. का? 'लँडिंग उत्तम, पायलट हसला नाही.' अहो, मी बाजूच्या वाऱ्यात विमान उतरवत होतो, हसत बसू? आणि हसलो असतो तर तू घाबरून मेला असतास की नाही? तक्रार नाही हं. पण शेठ असते तर... शेठ असते तर तारे-बिरे काही नाही. सरळ म्हणाले असते, 'कॅप्टन, आज आपटलंत.' संपलं!

शेठ म्हणजे माझे पहिले मालक. विमान त्यांचं स्वतःचं, आणि आम्ही दोघं पायलट त्यांचे, एक मी, आणि दुसरा कोरस. कोरस हे काही त्याचं नाव नव्हे, पण मी तक्रारीचा सूर लावला की तो शेजारून साथ द्यायचा, 'हो ना, सर', 'अगदी, सर', 'हद्द झाली, सर', म्हणून कोरस. वयानं माझ्याएवढाच, घेरानं माझ्या दुप्पट. आम्हा दोघांत मिळून कामं किती, तर विमान चालवणं हे त्यातल्या त्यात हलकं. शेठच्या बॅगा चढवायच्या, गालिचा झाडायचा, काचा पुसायच्या, पेपर घडी न मोडता खुर्चीवर ठेवायचे, कॉफी करायची, कप धुवायचे, आणि... जाऊ दे, मागे एक छोटी खोली असते तीही आम्हीच धुवायचो. चार पट्ट्या खांद्यावर आणि हातात ब्रश! वहिनींचं, म्हणजे शेठच्या बायकोचं, कुत्रं एकदा सोबत होतं. त्याला पोटाचा त्रास होता, एवढंच सांगतो.

आणि फोन! फोन म्हणजे काय, गळ्यात घंटा बांधलेली. आंघोळीत फोन, जेवताना फोन, मुलीच्या शाळेत बाई तिच्या गणिताबद्दल काहीतरी गंभीर सांगताहेत आणि फोन! एकदा मी केस कापायला बसलो होतो. न्हाव्यानं उजवी बाजू सफाचट केली, डाव्या बाजूला कात्री लावणार तोच शेठ, 'कॅप्टन, निघायचंय, पाचच मिनिटं!' निघालो तसाच. टोपी घातली ती दिवसभर काढली नाही. शेठ म्हणाले, 'कॅप्टन, आत आहोत, टोपी काढा की.' मी म्हटलं, 'नाही शेठ, नियम आहे.' कोरस म्हणाला, 'हो ना, सर.' आणि संध्याकाळी उतरताना वारा आला आणि टोपी गेली... शेठनं एकदा उजवीकडून बघितलं, एकदा डावीकडून बघितलं, आणि म्हणाले, 'कॅप्टन, हा कुठला नियम?'

बरं, धावत पळत पोचायचं, आणि पोचून काय? बसायचं! शेठची पाच मिनिटं हा प्रकार तुम्हाला कळायचा नाही. माणूस 'पाचच मिनिटं' म्हणून मीटिंगला आत गेला की आम्ही विमानतळाच्या त्या छोट्या खोलीत, एक सोफा, एक कॉफीचं मशीन, भिंतीवर विमानाचा फोटो, म्हणजे दाराबाहेर खरं विमान उभं असताना भिंतीवर त्याचा फोटो! पाच मिनिटं म्हणजे कधी दुपार, कधी संध्याकाळ, कधी 'कॅप्टन, उद्या निघू.' लग्नाचे वाढदिवस मी त्या सोफ्यांवर काढलेत. मुलीच्या नाटकात ती झाड झाली होती, मी सोफ्यावर. पुढच्या वर्षी बढती होऊन राणी झाली, मी सोफ्यावर. आणि पगार? पगाराचा विषय काढला की शेठ खिडकीबाहेर बघत म्हणायचे, 'बघू.' बघत बसले ते. पण एक होतं हं. विमानात चढताना रोज, न चुकता, दाराशी थांबायचे आणि विचारायचे, 'कॅप्टन, जेवलात?' आता असं विचारणारं कुणी नाही हो. तेव्हा मात्र मी मनात म्हणायचो, जेवायला वेळ देता का तुम्ही?

तर त्या वर्षी आमची मुलगी शिकायला निघाली. लांबच्या गावाला, वसतिगृहात राहायची होती. शनिवारी जायचं. बायकोनं मला आधीच बजावून ठेवलं, 'हे बघा, ती झाड झाली तेव्हा नव्हतात, राणी झाली तेव्हा नव्हतात. आता ती घरातून चाललीय. या वेळी नसलात, तर परत आल्यावर मीही नसेन, चावी शेजारी ठेवीन.' आणि मुलगी काय म्हणाली असेल? काही नाही! 'असू दे गं आई, बाबांना जमणार नाही, मला सवय आहे.' सवय आहे! अहो, बायको ओरडली ते एक वेळ परवडलं, पण हे 'सवय आहे' मला जेवू देईना. मी शेठकडे सुट्टी मागितली. शेठ म्हणाले, 'शनिवार? बघू.' त्याच आठवड्यात एका मोठ्या विमान कंपनीतल्या माझ्या मित्राचा फोन, 'अरे, जागा आहे आमच्याकडे. कुठल्या दिवशी उडायचं, कुठल्या दिवशी घरी, महिनाभर आधी छापील कागद! पगार ऐकशील तर चक्कर येईल. सोमवारपर्यंत कळव.' ऐकला पगार. आली चक्कर.

आणि ऐका, गंमत इथंच आहे. त्याच आठवड्यात शेठना त्यांच्या मुलाकडे सोडायला गेलो. मुलगा दुसऱ्या शहरात मोठं ऑफिस थाटून बसलेला. शेठ उतरताना एकदम खुशीत, नवा कोट, केस चापून बसवलेले, म्हणाले, 'मी दोन दिवस मुलाकडे राहीन, तुम्ही विमान घेऊन जा परत.' म्हणजे परतीला रिकामं विमान! आमच्या धंद्यात रिकामं विमान म्हणजे शिक्षक नसलेला वर्ग. पण तेलाची गाडी दुपारभर येईना. मी गेलो तेलवाल्याशी भांडायला. कोरसला म्हटलं, 'तू विमानापाशी थांब.' कोरस थांबला, पण शेठच्या न खाल्लेल्या सँडविचचा ट्रे घेऊन पलीकडे सावलीत थांबला. शेवटी तेल भरलं, दार लावलं, निघालो. आता नियम असा, की निघण्यापूर्वी सगळी केबिन तपासायची. ती मी तपासली असं कोरसला वाटलं, कोरसनं तपासली असं मला वाटलं. अगदी मागे पडद्याआड एक लांब कोच होता, शेठना आडवं व्हायला. तिकडं कोण बघतो? रिकामंच तर होतं!

वर गेलो, विमान ऑटोपायलटवर टाकलं, एका कानावरचा हेडफोन मागे सरकवला, आणि जी काय सुरुवात केली म्हणता! म्हटलं, 'कोरस, मी कॅप्टन नाही रे. मी ड्रायव्हर आहे, हमाल आहे आणि वेटर आहे.' 'हो ना, सर.' 'तीन माणसांचं काम, आणि पगार दीड माणसाचा!' 'दीड कसला, सर, सव्वा!' मग मी शेठची नक्कल केली. खिडकीबाहेर बघून, ओठ पुढे काढून, 'बघूऽऽ'. कोरस हसून हसून पट्ट्यात मावेना. मग त्यांचं चालणं केलं, बसल्या बसल्या. मग फोनवर बोलणं, 'कॅप्टन, पाच मिनिटं!' आणि हसता हसता, काय झालं कुणास ठाऊक, माझा आवाजच फुटला. म्हटलं, 'कोरस, शनिवारी माझी पोर घरातून जाणार रे, आणि हा माणूस म्हणतो बघू. याला काय कळणार? याच्याकडे विमान आहे, कधीही उठून मुलाला भेटायला जातो. मी सोमवारी मित्राला हो म्हणणार. आता बास. खूप झालं.' कोरस 'हो ना' म्हणाला नाही. ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

कारण मागून आवाज आला, 'कॅप्टन, एक कॉफी मिळेल का? का ड्रायव्हर, हमाल आणि वेटर तिघंही सुट्टीवर आहेत?'

अहो, काय सांगू तुम्हाला! विमान ऑटोपायलटवर होतं म्हणून बरं, त्याला कान नसतात. मी मागे वळून बघतो तर शेठ! अंगाभोवती कोचावरची शाल, केस सगळे उभे, आमच्या दोन खुर्च्यांच्या मागं उभे. कोरस उठला, म्हणजे उठायचा प्रयत्न केला, पट्टा काढायचा विसरला, परत बसला. मला वाटलं संपलं, नोकरी गेली, आणि सोमवारची वाट बघायचीही गरज राहिली नाही. आता खाली उतरेपर्यंत हा माणूस बोलणार आणि मला धड पळताही येणार नाही, चालवायचं मलाच आहे! कोरसनं कॉफी करून आणली. निम्मी बशीत. शेठ आमच्यामागच्या त्या घडीच्या खुर्चीवर बसले, एक घोट घेतला, आणि शांतपणे म्हणाले, 'नक्कल चांगली करता. पण मी 'पाच मिनिटं' म्हणत नाही. 'पाचच मिनिटं' म्हणतो.'

मी म्हटलं, 'शेठ, तुम्ही... राहणार होतात ना?' तर त्यांनी शाल नीट ओढून घेतली. मग म्हणाले, 'त्याच्या ऑफिसात गेलो. बाहेरची मुलगी म्हणाली, साहेब मीटिंगमध्ये आहेत, पाचच मिनिटं बसा. बसलो. कॉफीचं मशीन होतं. भिंतीवर माझाच फोटो होता. मग ती मुलगी ओशाळून सांगायला आली, साहेब दुसऱ्या दारानं निघून गेले.' आणि हसले. पण ते हसणं, तुम्हाला सांगतो, मला त्याची नक्कल कधी जमली नाही, आणि जमली असती तरी मी केली नसती. 'आलो परत. तुम्ही दोघं दिसला नाहीत. पडलो जाऊन मागे.' मग कप खाली ठेवला. 'शनिवारी कुठल्या गावाला जायचीय मुलगी?' सांगितलं. 'शनिवारी आपण कुठं जाणार होतो?' म्हटलं, 'तुमची मीटिंग आहे शेठ, दुसऱ्याच टोकाला.' म्हणाले, 'हां. ती मीटिंग आता तिच्या गावाला आहे.'

शनिवार उजाडला. बायकोनं मुलीचं सामान विमानापाशी आणलं, गादी, उशी, टेबललॅम्प, आणि बादली! निळी प्लॅस्टिकची बादली, आत मग! मी म्हटलं, 'अगं, बादली कशाला, तिथं मिळते.' तर म्हणाली, 'महाग असते.' कातड्याच्या खुर्च्या, अक्रोडाचं टेबल, आणि त्याच्यावर आमची बादली! शेठनी आपली खुर्ची मुलीला दिली, खिडकीशेजारची, आणि स्वतः बादलीशेजारी बसले. दाराशी थांबले तेव्हा मला नाही, तिला विचारलं, 'बेटा, जेवलीस?' मग उडालो. आणि आता माझी गंमत बघा! मुलीला सोडायला निघालो मी, बरोबर? जन्मात पहिल्यांदा. आणि अख्खा प्रवास तिच्याकडे पाठ करून! मागे नुसता हशा. बायको हसतेय, पोरगी हसतेय, शेठ टाळ्या देताहेत. कसलं हसताहेत? मान वळवली की कोरस म्हणतो, 'सर, पुढे बघा.' नंतर कळलं, पोरगी माझी नक्कल करून दाखवत होती. फोन आला की मी कसा एका पायात पँट घालून घरभर उड्या मारतो त्याची. रक्तातच आहे, काय करणार!

उतरलो. दार उघडलं. मुलगी म्हणाली, 'बाबा, खोली बघायला याल ना वर?' मी शेठकडे बघितलं. शेठनी घड्याळाकडेही बघितलं नाही. मीच म्हटलं, 'शेठ, पाचच मिनिटं...' आणि जीभ चावली. ते म्हणाले, 'जा.' गेलो. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, कॉटचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. पडदा लावला, वाकडा लागला, परत लावला. दिव्याचा बल्ब बदलला. बायकोनं कपाटात कागद अंथरले. मग पोरगी म्हणाली चला, कँटीन दाखवते, मग वाचनालय, मग ते एक झाड, तिथं म्हणे सगळे बसतात, तर बसलो. ती बोलत होती, मी ऐकत होतो. गणितात ती कच्ची नव्हती हो, शाळेतल्या बाई तेव्हा तेच सांगत होत्या, हुशार आहे म्हणून! मला निम्मंच ऐकू आलं होतं, फोनमुळे. निघताना तिनं मिठी मारली आणि म्हणाली, 'बाबा, तुम्ही आलात.' एवढंच.

परत आलो तर उन्हं कलायला लागलेली. शेठची मीटिंग! पळत सुटलो. तर शेठ विमानाच्या शिडीवर बसलेत. कोट मांडीवर, टाय खिशात. कोरसनं मला बाजूला घेतलं, 'सर, मीटिंग नव्हतीच. दुपारभर इथंच आहेत. मी म्हटलं, सरांना फोन करतो, तर म्हणाले, खबरदार! दोन माणसांचे फोन आले, त्यांना सांगितलं, माझा कॅप्टन मुलीला सोडायला गेलाय, तो आला की निघू.' मी पुढे गेलो, म्हटलं, 'शेठ, फार उशीर झाला.' शेठ गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, 'बसवत नाही हो फार वेळ. तुम्ही कसं बसायचात?'

आता बायकोनं मला काय पढवून ठेवलं होतं? की परतीला शेठ खुशीत असतील, पगाराचा विषय काढा. ती मागं बसून खाकरत होती, खुणा म्हणून. शेठनी स्वतःहून विचारलं, 'कॅप्टन, आणखी काही आहे का मनात?' सांगा आता! कुठल्या तोंडानं काढायचा पगार? मी म्हटलं, 'नाही शेठ.' मागं खाकरणं एकदम थांबलं. सोमवारी मित्राला 'नाही' म्हणून कळवलं. मित्राचा पुढं बंगला झाला, दारात दोन गाड्या, गुडघे मात्र माझेच जास्त दुखतात, बॅगा उचलून. त्यानंतर शेठ गेले तोवर, इतकी वर्षं, पगारवाढ मागायला माझी जीभ कधी उचललीच नाही. गेल्या साली ते गेले, मुलानं विमान आताच्या या कंपनीला विकलं, आणि जुन्या गाडीबरोबर जॅक देतात तसे आम्ही दोघंही त्याच्याबरोबर गेलो. तक्रार नाही हं माझी.

बायको मात्र अजून ऐकवते. आज गॅस पुसताना पण म्हणाली, 'एक दुपार शिडीवर बसले आणि तुम्हाला जन्माचं विकत घेतलं हो. तेही किती स्वस्तात!' घेतलं ना! मी कुठं नाही म्हणतो? पण विकत घेणारा तो एकच भेटला... बाकीचे सगळे भाड्यानं नेतात.